ट्रियर: रोमन गेले, खुर्ची राहिली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आईबाबा भारतातून येतायत, त्यांना पश्चिम जर्मनीत मोझेलकाठी असलेल्या ट्रियर शहराला दोन दिवस घेऊन जावं का, आणि "रोमन तर पाचव्या शतकात गेले, मग जर्मन इतिहासाशी त्यांचा संबंध काय, चार पडक्या भिंती सोडल्या तर?"

मी इतिहासाची प्राध्यापक वगैरे नाही हे आधीच सांगते. माझं काम जुन्या इमारतींच्या दगड-चुन्याच्या दुरुस्तीचं, गेली सोळा वर्षं मोझेल नदीच्या खोऱ्यातच चाललंय, त्यामुळे मी इतिहास बघते तो भिंतीकडून बघते, कोणी कुठला दगड कशाला काढला आणि कुठे नेऊन लावला अशा बाजूने. आणि त्या बाजूने बघितलं की तुमचा प्रश्नच थोडा उलटा होतो. रोमनांचं काय उरलं यापेक्षा ते उरलं का, कोणाला त्याची गरज पडली, हे विचारा. कारण ट्रियरमध्ये जे कोणाच्या तरी उपयोगी पडलं तेवढंच टिकलं, बाकी सगळ्याची दगडखाण झाली.

आधी वयाचा वाद संपवून टाकू. मुख्य बाजारचौकात, म्हणजे हाउप्टमार्क्टवर, एक लाल घर आहे, त्याच्या दर्शनी भिंतीवर लॅटिनमध्ये सोनेरी अक्षरात लिहिलंय की रोमच्या आधी तेराशे वर्षं ट्रियर उभं होतं. कोणा असिरियन राजाचा ट्रेबेटा नावाचा मुलगा इथे आला आणि त्याने शहर वसवलं अशी ती गोष्ट. थाप आहे, पण मध्ययुगात ती मनापासून चालायची, कारण बिशपांना आपली गादी बाकीच्यांपेक्षा जुनी दाखवायची होती. खरं वय लाकडाने सांगितलं. नदीत सापडलेल्या पहिल्या पुलाच्या खांबांची लाकडं इसवी सनापूर्वी 18-17 च्या सुमाराला तोडलेली निघाली, झाडाच्या वलयांवरून ते बऱ्यापैकी नेमकं कळतं. शहराने 1984 साली दोन हजारावा वाढदिवस केला तो साधारण याच हिशोबाने. सम्राट ऑगस्टसचं नाव आणि इथल्या ट्रेवेरी जमातीचं नाव जोडून शहराचं रोमन नाव पडलं ऑगस्टा ट्रेवेरोरम. आऊग्सबुर्ग आणि केम्प्टन या जर्मन शहरांतलेही "सगळ्यात जुने आम्हीच" म्हणतात, म्हणू द्या, त्यांचेही मुद्दे आहेत.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात, हे शहर तेव्हा "जर्मनी"त नव्हतंच. ते गॉलमध्ये होतं, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या बाजूच्या रोमन मुलखात, बेल्जिका प्रांतात, आणि ट्रेवेरी लोक केल्टिक. जर्मानिक टोळ्या म्हणजे ऱ्हाइनपलीकडचे, ज्यांना अडवायला इथे सम्राट येऊन बसायचे. 293 पासून इथे सम्राटाचा दरबार, आधी कॉन्स्टंटियस, मग त्याचा मुलगा कॉन्स्टंटाइन, पुढे व्हॅलेंटिनियन, ग्रेशियन. कॉन्स्टंटाइनने तर आस्कारिक आणि मेरोगाइस नावाचे दोन राजे, फ्रँक या जर्मानिक टोळीचे, पकडून आणले आणि इथल्या अँफिथिएटरमध्ये जनावरांपुढे टाकले. पुढे दीडएकशे वर्षांत फ्रँकांनीच हे शहर घेतलं, आणि आज त्याच फ्रँकांचे वारस तिकीट काढून ते अँफिथिएटर दाखवतात!

पण फ्रँकांनी येऊन सगळं जाळलं आणि रोम संपलं, असं शाळेच्या पुस्तकातलं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात शहर चार वेळा लुटलं गेलं हे खरं. साल्व्हियन नावाचा धर्मोपदेशक तेव्हाचं लिहून गेलाय आणि फार चिडून लिहिलंय, की रस्त्यावर प्रेतं पडलीयत आणि वाचलेले बडे लोक सम्राटाकडे मागतायत काय, तर सर्कशीचे खेळ. पण त्याच शतकात 470 च्या आसपास इथे जो अधिकारी बसला होता तो आर्बोगास्ट, रक्ताने फ्रँक, आणि गॉलमधला एक विद्वान बिशप त्याला पत्रात लिहितो की ऱ्हाइनकाठी लॅटिन बुडालं ते तुझ्या तोंडी शिल्लक आहे. म्हणजे फ्रँकच रोमन होऊन बसला होता. आणि गावाकडच्या द्राक्षमळ्यांच्या पट्ट्यात तर लॅटिनमधून आलेली बोली पुढे कित्येक शतकं चालू होती.

भाषेचं निघालंच आहे तर माझ्या कामातलं सांगते. जर्मनमध्ये भिंत माउअर, वीट-कौल त्सीगेल, चुना काल्क, खिडकी फेन्स्टर, तळघर केलर, रस्ता श्ट्रासे. सगळे लॅटिन. लाकडाचं घर बांधणाऱ्यांना दगडाचं घर ज्यांनी शिकवलं त्यांचेच शब्द राहिले, जसं आपल्याकडे दरवाजा आणि कमान फारसीतून आलं आणि आता ते परकं आहे हे सांगावं लागतं. माझ्या पहिल्या वर्षी एका खाजगी घराच्या केलरमध्ये काम होतं, मागच्या भिंतीला गुलाबीसर रंगाचा चुना होता, मला वाटलं कोणीतरी गेल्या शंभर वर्षांत रंगीत सिमेंट फासलंय, मी छिन्नी लावली. सोबतच्या म्हाताऱ्या गवंड्याने हातच धरला माझा. तो रोमन चुना होता, विटांची भुकटी घातलेला. आता मला सांगा, सुरखी! आमच्या आजोळच्या वाड्याच्या हौदाला सुरखीचाच गिलावा होता, पाणी झिरपू नये म्हणून, आणि इथे मी तीच ओळखली नाही. लाज वाटली. ट्रियरच्या जुन्या भागात जमिनीत खोल गेलात की रोमन थर लागतोच, कित्येक मीटर खाली, म्हणून इथे पार्किंग बांधायचं म्हटलं की आधी पुरातत्त्ववाले येतात. फीहमार्क्ट नावाच्या चौकात 1987 मध्ये जमिनीखालचं पार्किंग खणायला घेतलं आणि खाली आख्खी स्नानगृहं निघाली, आता त्यावर काचेची मोठी पेटी उभी आहे. 1993 मध्ये दुसऱ्या एका बांधकामावर मशीनच्या फावड्याखाली अडीच हजारांहून जास्त सोन्याची नाणी, साडेअठरा किलो! ती इथल्या लांडेसम्युझियममध्ये आहेत.

आता मुद्द्यावर येते. रोमनांची खरी मालमत्ता जी जर्मन इतिहासात हजारदीड हजार वर्षं चालली ती भिंत नाही, ती खुर्ची आहे. बिशपची. साम्राज्याची कचेरी साधारण 400 च्या आसपास दक्षिणेला आर्लला हलली, सम्राट गेले, पगार बंद झाले, लोकसंख्या कोसळली, पण बिशप उठला नाही. आणि रोमन चर्चने आपले विभाग पाडले होते सरकारी प्रांतांवरून. ट्रियर ही पहिल्या बेल्जिका प्रांताची राजधानी, म्हणून ट्रियरच्या आर्चबिशपच्या हाताखाली त्याच प्रांतातले मेट्स, तूल आणि व्हर्दूनचे बिशप. नकाशा काढून बघा, ही तिन्ही आज फ्रान्समध्ये आहेत. मध्ये राज्यं आली गेली, भाषेची सीमा मधून गेली, पण ही धार्मिक वहिवाट फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत टिकून होती. ज्या प्रांताचं सरकार कधीच मेलं होतं त्याच्या हद्दी चर्चच्या वहीत तेराशे वर्षं जिवंत.

आणि मग त्या खुर्चीला मत मिळालं. जर्मन राजा वंशाने नाही, निवडून यायचा, आणि 1356 च्या सुवर्ण फर्मानाने निवडणारे सात जण पक्के केले. त्यातले तीन धर्मगुरू: माइन्ट्स, कोलोन, ट्रियर. तिन्ही रोमन शहरं! हा योगायोग नाही, जुनी बिशपची गादी तिथेच होती जिथे रोमनांचं शहर होतं. निवडणुकीत पहिलं मत विचारायचं ते ट्रियरला. माझ्या मते ट्रियरचा जर्मन इतिहासावरचा सगळ्यात मोठा ठसा हाच, आणि तो कुठल्याच टूरमध्ये नीट सांगत नाहीत कारण त्याचा फोटो काढता येत नाही. बाल्डुइन नावाचा आर्चबिशप 1307 ला गादीवर आला, वय विशीच्या आसपास, लगेच पुढच्या वर्षी त्याचा सख्खा भाऊ हाइनरिश राजा निवडून आला, आणि चाळीसेक वर्षांनी याच बाल्डुइनच्या खटपटीने पुतण्याचा मुलगा कार्ल चौथा राजा झाला, ज्याने मग ते सुवर्ण फर्मान काढलं. घरचंच कार्य म्हणा ना. म्हातारबुवांनी राज्य चालवलं 1354 पर्यंत, मोझेलवरचे किल्ले, जकातनाके, कागदपत्रांची व्यवस्थित बाडं, सगळं बसवून ठेवलं.

या खुर्चीमुळेच इमारती वाचल्या. कॅथेड्रल घ्या. त्याच्या पोटात चौथ्या शतकातला रोमन चौकोनी गाभा आहे, बाहेरून उत्तरेच्या बाजूने भिंत बघितलीत तर विटांचे पट्टे दिसतात, मग त्यावर अकराव्या-बाराव्या शतकाचा दगड, मग बरोक शैलीतली भर. दाराबाहेर एक ग्रॅनाइटचा तुटका खांब आडवा पडलाय, त्यावर पोरं घसरगुंडी करतात, इथल्या लोकांच्या पिढ्यानपिढ्या त्यावर बसून तो गुळगुळीत झालाय. तो आतल्या चार मोठ्या रोमन खांबांपैकी एकाचा तुकडा, दगड आणला होता ऱ्हाइनपलीकडच्या ओडेनवाल्डमधून. आतमध्ये येशूचा अंगरखा ठेवलाय अशी श्रद्धा, कॉन्स्टंटाइनच्या आईने म्हणजे हेलेनाने दिला म्हणतात. श्रद्धेचं सोडा, परिणाम बघा: 1844 मध्ये तो दर्शनाला काढला तर काही आठवड्यांत लाखो लोक चालत आले, तेव्हा ट्रियर ज्याच्या ताब्यात होतं त्या प्रशिया या जर्मन राज्याच्या प्रोटेस्टंट सरकारच्या डोळ्यासमोर कॅथलिकांनी दाखवलेली ती ताकद होती, आणि त्याला वैतागून योहानेस रोंगं नावाच्या पाद्र्याने जाहीर पत्र लिहिलं, त्यातून वेगळा पंथच निघाला. चौथ्या शतकातल्या राणीच्या नावाने एकोणिसाव्या शतकात राजकारण.

पोर्टा निग्रा, काळं दार, ते तर तुम्ही बघालच. रोमन शहराचं उत्तरेचं वेस, 170 च्या सुमाराला बांधायला घेतलेलं, चुना न घालता नुसते दगड एकमेकांवर, काही सहा-सहा टनांचे, आणि आडवे धरून ठेवायला लोखंडी क्लॅम्प, शिसं ओतून पक्के केलेले. जवळ जाऊन दगडांच्या सांध्यांपाशी बघा, सगळीकडे ओबडधोबड भोकं दिसतील. ती गोळ्यांची नाहीत. मध्ययुगात लोखंड आणि शिसं महाग, लोकांनी भोकं पाडून क्लॅम्प उपसून नेले. तरी इमारत उभी, नुसत्या वजनावर. अर्धस्तंभही नीट बघा, काही ठिकाणी ते घडवायचेच राहिलेत, दगड खडबडीत तसाच. काम पूर्ण झालंच नव्हतं कधी.

मग हे वाचलं का, बाकीच्या वेशी गेल्या तरी? कारण 1030 च्या सुमाराला सिमेऑन नावाचा एक ग्रीक साधू, सिराक्यूजचा, त्याच्या पूर्वेच्या बुरुजात स्वतःला कोंडून घेऊन राहिला. 1035 ला वारला, त्याच वर्षी संत झाला, आणि आर्चबिशप पोप्पोने त्या वेशीचं चर्च केलं, एकावर एक दोन चर्च, खालचा मजला मातीने भरून टाकला, वर जायला मोठा जिना. म्हणजे जवळजवळ पावणेआठशे वर्षं हे "रोमन दार" नव्हतंच, चर्च होतं. 1804 मध्ये नेपोलियन आला, त्याला चर्च नको होतं, त्याला गॉलचं रोमन वैभव हवं होतं, त्याने सांगितलं पाडा हे सगळं आणि आतलं रोमन बाहेर काढा. आज तुम्ही फोटो काढता ते दार निम्मं रोमनांचं आणि निम्मं नेपोलियनच्या हुकमाचं. पूर्वेच्या बाजूला बाराव्या शतकाचा अर्धगोल भाग मात्र राहिलाय, आणि आत वरच्या मजल्यावर भिंतींवर अठराव्या शतकातली संतांची कोरीव शिल्पं. मला वैयक्तिक विचाराल तर तो राहिलेला तुकडाच सगळ्यात प्रामाणिक आहे.

अँफिथिएटरला असा कोणी साधू भेटला नाही. तेराव्या शतकात ते एका मठाला चक्क दगडखाण म्हणून देऊन टाकलं. तिथे आता मातीचे उतार आहेत, मधलं मैदान आणि खालचं तळघर. त्याचे दगड शहरात कुठे कुठे आहेत ते कोण सांगणार.

इथून सातआठ किलोमीटरवर ईगेल गावात कापडव्यापारी घराण्याचा 23 मीटर उंच स्मृतिस्तंभ आहे, तिसऱ्या शतकातला, तो तर गैरसमजामुळे वाचला. त्यावर नवराबायकोसारखं जे शिल्प आहे ते लोकांनी हेलेना आणि कॉन्स्टंटियसचं लग्न समजलं, आणि संतिणीच्या लग्नाचा खांब कोण पाडणार? खरं तर ते कापडवाले, धंदा आणि हिशोब करताना कोरलेत. गाडी असेल तर जाच, अर्धा तास पुरतो.

बासिलिका, म्हणजे कॉन्स्टंटाइनचा दरबार हॉल, इथे आईबाबांना जरा बसवा. 67 मीटर लांब, 26 रुंद, 33 उंच, मध्ये एकही खांब नाही, 310 च्या आसपासचा. जमिनीखाली आणि भिंतींच्या आत गरम हवा फिरवायची सोय होती. समोरच्या अर्धगोल भागातल्या खिडक्या बाजूच्या खिडक्यांपेक्षा लहान आणि खाली घेतल्यात, त्यामुळे हॉल आहे त्याहून लांब वाटतो आणि टोकाला बसलेला माणूस मोठा. मोजून बघितलं तरी डोळा फसतोच. पुढे ही वास्तू आर्चबिशपांकडे आली, सतराव्या शतकात त्यांना नवा राजवाडा हवा झाला तर त्यांनी पूर्वेची आणि दक्षिणेची भिंत पाडून हॉलचं अंगण करून टाकलं. 1815 नंतर ट्रियर प्रशियाकडे. प्रशियाच्या राजाने 1840-50 च्या दशकांत ती पुन्हा उभी केली आणि 1856 मध्ये दिली कोणाला, तर इथल्या मूठभर प्रोटेस्टंटांना. या आख्ख्या कॅथलिक गावात सगळ्यात भव्य रोमन हॉल प्रोटेस्टंटांचा! "कॉन्स्टंटाइनच्या सिंहासनाची जागा आता आमची", राजाला एवढं सांगायचं होतं, दुसरं काही नाही. ऑगस्ट 1944 मध्ये बॉम्बने जळाली, नंतर दुरुस्ती करताना आतली प्रशियन सजावट परत लावली नाही, उघड्या विटा ठेवल्या. लोकांना वाटतं हे असंच रोमन होतं. अजिबात नाही, रोमन काळात आत संगमरवर होता, बाहेर गिलावा होता. बाहेरून पश्चिमेची भिंत आणि अर्धगोल भाग खरा रोमन, पातळ चपट्या विटा आणि मधला चुन्याचा थर जवळजवळ विटेइतकाच जाड. खिडकीच्या कोनाड्यात वर नजर टाका, जुन्या रंगवलेल्या गिलाव्याचे तुकडे अजून चिकटलेत.

कार्ल मार्क्सचं विचारलं नाहीत पण सगळे विचारतात. 1818 ला इथेच जन्मला, चिनी सरकारने दिलेला साडेपाच मीटरचा पुतळा पोर्टा निग्राजवळ आहे. पण त्याचा रोमनांशी संबंध आहे तो पुतळ्यापेक्षा मजेदार. मोझेलचे द्राक्षमळे रोमनांनी वाढवले, ऑसोनियस या रोमन कवीने चौथ्या शतकात नदीवरच्या कवितेत त्या उतारांचं वर्णन केलंय, म्युझियममध्ये नॉयमागेन गावात सापडलेलं दगडी जहाज आहे, वाईनची पिंपं भरलेलं, वल्ही मारणारे दाढीवाले खलाशी. मग 1830-40 मध्ये प्रशियाच्या जकात संघामुळे दुसऱ्या राज्यांची स्वस्त वाईन आली, इथले मळेवाले देशोधडीला लागले, आणि तरुण संपादक मार्क्सने जानेवारी 1843 मध्ये त्यांच्या हालाखीवर लिहिलं. पुढे तो स्वतःच म्हणायचा की लाकूडचोरीचा कायदा आणि मोझेलचे शेतकरी यांच्यामुळे मी राजकारणावरून अर्थकारणाकडे वळलो. बापाच्या मालकीचा पण छोटासा मळा होता, बरं का.

बाकी कायझरथर्मेन म्हणजे शाही स्नानगृहं, त्यात कोणी कधी अंघोळच केली नाही, पूर्ण होण्याआधीच बेत बदलला. वेळ कमी असेल तर ती बाहेरून बघितली तरी चालेल, खालचे बोगदे मुलांना आवडतात.

तर दोन दिवस द्या. पहिल्या दिवशी पोर्टा निग्रा, बाजारचौक, कॅथेड्रल, बासिलिका, सगळं चालत होतं पण रस्ते दगडी आहेत, आईंना बूट घालायला सांगा. दुसऱ्या दिवशी म्युझियम आणि मग ईगेल. म्युझियम सोमवारी उघडं असेल असं धरून चालू नका.

आणि संध्याकाळी रोमन पुलावर जा, तिथे तिकीट नाही आणि गर्दी पण नाही. वरची कमान 1716-18 ची आहे, कारण 1689 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्याने ती उडवली होती, पण खालचे काळे बेसाल्टचे खांब दुसऱ्या शतकातले, आयफेलच्या डोंगरातला दगड. मार्च 1945 मध्ये अमेरिकन सैन्याने रात्री हा पूल शाबूत ताब्यात घेतला, जर्मनांना तो उडवायला वेळच मिळाला नाही. आज वरून बस जाते. गावाच्या काठावरून खाली पाण्याजवळ उतरायला वाट आहे, पाणी उतरलेलं असेल तर खांबाच्या अगदी जवळ जाता येतं, दगडाला हात लावून थांबा आणि वरून बस जाईस्तोवर हलू नका, थरथर हाताला कळते.